क्रिएटिनिन वाढले म्हणजे मूत्रपिंड बिघडले का?

प्रश्न : मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. मूत्रसंसर्गावर ट्रायमेथोप्रिम सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ वरून १.१ झाले. हे काळजीचे आहे का?

उत्तर : केवळ या वाढीवरून मूत्रपिंड बिघडले असे म्हणता येत नाही. मेटफॉर्मिनचा रेणू धनभारित असतो आणि तो शरीरात न बदलता लघवीवाटे जातो; मात्र निव्वळ गाळण्याने जाईल त्याच्या सुमारे चौपट वेगाने, कारण मूत्रनलिकेच्या पेशी त्याला रक्तातून खेचून घेतात. रक्ताकडच्या पटलावरील ओसीटी-२ हे प्रथिन, पेशीच्या आतील ऋण विद्युतभाराच्या ओढीने, त्याला आत घेते. लघवीकडच्या पटलावरील मेट प्रथिने एक प्रोटॉन आत घेऊन त्याच्या बदल्यात मेटफॉर्मिनला बाहेर सोडतात. ही जोडव्यवस्था मला फार विलक्षण वाटते. क्रिएटिनिनचा काही भागही याच मार्गाने जातो. ट्रायमेथोप्रिम, तसेच सिमेटिडिन हे आम्लपित्तावरचे औषध, ही प्रथिने अडवते. त्यामुळे गाळण्याची क्षमता शाबूत असूनही रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढते आणि औषध थांबल्यावर सहसा पूर्ववत होते. मेटफॉर्मिनही काहीसे साचू शकते. ट्रायमेथोप्रिमने पोटॅशियमही वाढू शकत असल्याने त्याची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये.