नावाजलेला डबा, नावडता धूर

प्रश्न : मी गेली बावीस वर्षे पाइप ओढतो. व्हर्जिनिया जातीचे साधे, गोडसर पान ही माझी नेहमीची आवड. यंदा मुलीने लंडनहून एका अतिशय नावाजलेल्या इंग्रजी मिश्रणाचा डबा आणला. डबा उघडताच जळक्या रबराचा वास आला आणि चार दिवस प्रयत्न करूनही मला धुळवडीच्या सकाळच्या राखेपलीकडे काही जाणवले नाही. दोष तंबाखूचा की माझ्या जिभेचा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण मिश्रणाचे नाव कळवले आहे; ते येथे छापत नाही, कारण आपल्या वर्णनावरून डब्यात काही बिघाड होता असे मला वाटत नाही. आपल्याला जो वास आला, तो लटाकियाचा. सीरियातल्या लटाकिया बंदरावरून या तंबाखूला हे नाव पडले आणि पुढे सायप्रसचा लटाकियाही तितकाच प्रचारात आला. उन्हात वाळवलेली पाने बंद कोठारात टांगून, खाली सुगंधी झुडपांचा आणि लाकडांचा विस्तव धुमसत ठेवून, ती काळी पडेपर्यंत त्यांना धुरी दिली जाते. व्हर्जिनियाचे पान मात्र तापवलेल्या हवेत वाळवले जाते, धूर त्याला लागू दिला जात नाही आणि त्यामुळे पानातली साखर टिकून राहते. म्हणजे आपण डब्यात सुक्या गवताची गोडी शोधत होतात आणि हाती लागली धुरी. कोकणात ज्याच्या लहानपणी चुलीवरच्या माळ्यावर सुक्या मासळीची बेगमी असे, त्याला लटाकिया पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटू शकतो. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या माणसाला त्यात जळके रबर दिसले, तर त्यात गैर काही नाही.

जिभेविषयी आपण विचारलेच आहे, म्हणून एक जुनी हकिकत सांगतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक चूर्ण बाटलीत भरत असताना ते थोडे हवेत उडाले. शेजारी उभा असलेला सहकारी तोंड वाकडे करून, हे फार कडू आहे, असे म्हणाला. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. १९३१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढे सिद्ध झाले की ही तफावत अनुवंशिक आहे : तो पदार्थ दहांपैकी साधारण सात जणांना कडू लागतो, उरलेल्यांना बेचव. तंबाखूच्या बाबतीत तर आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा गंधच असतो आणि गंध ओळखणारी नाके माणसागणिक जिभांहूनही अधिक वेगळी असतात. त्यामुळे दोन प्रामाणिक माणसांनी एकाच डब्याविषयी उलट मते दिली, तर त्यांतला एक खोटे बोलतो आहे असे समजण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न जाणकारांचा. लटाकियाच्या मिश्रणांची भरघोस स्तुती बहुधा ज्यांना लटाकिया आधीपासून आवडतो असेच लोक लिहितात. ज्यांना तो सोसत नाही, ते दोन झुरक्यांनंतर डबा मिटवतात आणि लिहायला बसत नाहीत. आपल्याच दख्खनेतले उदाहरण घ्या. १६०४-०५च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन गेला. अकबराने थोडा ओढून पाहिला, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला. सरदारांनी मागून मागून तंबाखू नेला आणि व्यापाऱ्यांनी तो विकायला आणला, पण स्वतः अकबराने ती सवय लावून घेतली नाही. हुक्का तोच, तंबाखू तोच आणि समोर बसलेली माणसेही एकाच दरबारातली.

आपल्याला पुन्हा प्रयत्न करायचाच असेल, तर एक गोष्ट पाहा. इंग्रजी धाटणीच्या एखाद्या मिश्रणात लटाकिया दहा टक्के असतो, तर दुसऱ्यात चाळीसच्या वर. आपल्या हाती आलेला डबा वरच्या टोकाचा दिसतो. कमी प्रमाणाचे मिश्रण कदाचित निराळे वाटेल. वाटले नाही, तर आपली व्हर्जिनिया आपल्याजवळ आहेच.

प्रश्न : १९७०च्या दशकात, मी शाळेत असताना, गोदीत नोकरीला असलेले माझे मामा एक परदेशी तंबाखू ओढत. त्यांच्या गिरगावातल्या गॅलरीत तो वास संध्याकाळभर भरून राही. परवा त्याच नावाचा डबा दुबईहून मागवला, तर तो अगदीच फिका निघाला. नक्कल असावी काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नक्कल असेलच असे नाही, नाव टिकते आणि पान बदलते, असे या धंद्यात वारंवार घडले आहे. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढले आणि त्यांची मिश्रणे जगभर गेली. १९८१मध्ये त्यांचे उत्पादन बेलफास्टच्या मरे कंपनीकडे गेले, पुढे डेन्मार्ककडे; २०१८मध्ये डनहिल हे नाव पाइपच्या तंबाखूवरून उतरले आणि त्यांतली बरीच मिश्रणे पीटरसन या नावाने विकली जाऊ लागली. ‘थ्री नन्स’ हे मिश्रण एकेकाळी पेरीकसाठी ओळखले जाई. पेरीक म्हणजे लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पिंपांत दाबून, स्वतःच्याच रसात वर्षभर मुरवलेले पान. कोणाला त्यात मुरांबा लागतो, कोणाला आंबलेले लोणचे. पुढे याच नावाच्या डब्यात पेरीकऐवजी धुरी दिलेला केंटकी जातीचा तंबाखू आला. सीरियाचा लटाकिया दुर्मिळ झाल्यावर कित्येक कृती सायप्रसच्या पानावर बसवाव्या लागल्या, तो बदल आणखी निराळा.

पण आपल्या बाबतीत मला दुसरीच शंका आहे. आपण मामांचा तंबाखू ओढला नव्हता, त्याचा वास घेतला होता. पेटलेल्या पाइपमधून खोलीत पसरणारा गंध आणि ओढणाऱ्याच्या तोंडात येणारी चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मामांनाही कदाचित ती चव फिकीच लागत असेल. शिवाय साठीनंतर नाकाची तीक्ष्णता कमी होते, हे माझ्या अनुभवावरूनही सांगतो.

प्रश्न : व्हॅनिलाच्या वासाचा एक तंबाखू मी घेतो. घरात सर्वांना त्याचा सुगंध आवडतो, पण मला चव म्हणाल तर गरम वाफेची, आणि अर्धा पाइप होईतो जीभ पोळते. दुसऱ्यांना तोच सौम्य कसा वाटतो?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : अशा सुगंधी मिश्रणांचा पाया पुष्कळदा बर्लीचे पान असते. त्यात साखर जवळजवळ नसते, पण ते बाहेरून दिलेला अर्क टीपकागदासारखे शोषून घेते. वरून दिलेला सुवास उष्णतेने लवकर उडतो आणि त्याचा लाभ शेजाऱ्यांना होतो. तंबाखू सुकू नये म्हणून त्यात पुष्कळदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते. त्यामुळे तो ओलाच जळतो, विझू नये म्हणून आपण भराभर झुरके घेतो, आणि जी वाफ तयार होते ती जिभेला पोळते. ज्यांना तो सौम्य वाटतो, ते बहुधा तो सुकवून, सैल भरून आणि सावकाश ओढतात. चिमटीत दाबून सोडल्यावर पाने लगेच सुटी झाली, तर ती तयार आहेत असे समजावे. विदर्भात मे महिन्यात हे काम दहा-पंधरा मिनिटांत होते. आपल्याकडे जुलैत दिवसभर कागदावर पसरून ठेवले तरी होत नाही, उलट तंबाखू आणखी ओल धरतो. वातानुकूलित खोलीत तासभर ठेवून पाहा. त्यानंतरही जीभ पोळली, तर ते मिश्रण आपल्यासाठी नव्हे.

प्रश्न : माझा भाचा पाइप सुरू करू म्हणतो. नवख्याला निराश न करणारे मिश्रण कोणते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुरू करू नये, असे त्याला सांगावे. धूर छातीत न घेतला तरी पाइपमुळे ओठ, जीभ आणि घशाचा कर्करोग होतो. हे सदर आधीच सवय जडलेल्यांच्या शंकांपुरते आहे.

प्रश्न : इंग्लंडमधल्या मित्राने दिलेला एक तंबाखू अंघोळीच्या साबणासारखा लागला. आता माझ्या आवडत्या पाइपमध्ये काहीही भरले तरी तोच साबण येतो. उरलेल्या डब्याचे काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो केंडल गावाकडचा, म्हणजे इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातला प्रकार असावा. तिथे तंबाखूला जिरेनियम, टोंका बी अशा फुलापानांचे अर्क देण्याची जुनी रीत आहे आणि तिचे चाहते दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. आपल्या हिंगाला इंग्रज लोक सैतानाची विष्ठा म्हणतात, तेव्हा त्यांच्या अत्तराला आपण साबण म्हटले, तर हिशेब फिटला.

पाइप ज्याचे करतात, ते ब्रायरचे लाकूड गंध धरून ठेवते. पाइपच्या वाटीत तीव्र मद्यार्कात भिजवलेला कापूस रात्रभर ठेवा आणि नंतर पाइप चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या. वास पुष्कळ उतरतो, अजिबात जाईल याची हमी मात्र देता येत नाही. पुढल्या वेळी अनोळखी मिश्रण मक्याच्या कणसाच्या स्वस्त पाइपमध्ये आधी ओढून पाहावे. उरलेला तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून, वर तारीख लिहून, अशा प्रकाराची आवड असलेल्या माणसासाठी ठेवावा. मात्र ती बरणी लोणच्याची नसावी, आणि नंतर तिच्यात लोणचे तर मुळीच घालू नये.