पेडल स्टील आली तरी जुने वादक अजून साधी हवाईयन गिटारच का वाजवतात?

तुम्ही विचारलंय की हे लोक हट्टाने वाजवतात की नुसत्या आठवणींसाठी, आणि शेवटी चाळिशीत शिकायला घेतली तर जमेल का. पहिला भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. हवाईयन गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची गिटार, आणि पेडल स्टील म्हणजे तिचाच पायाने पेडल दाबून स्वर बदलायचा प्रकार. हट्टबिट्ट काही नाहीये. या वाद्यातून जे निघतं ते दुसऱ्या कशातून निघत नाही म्हणून वाजवतात.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते काका गिरगावातले, दिवसा बँक आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा असंच सगळं आयुष्य. आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून रोज गिटार मांडीवर घेतात. त्यांच्या पिढीने व्हॅन शिपले, हजारा सिंग या गिटारवादकांच्या रेकॉर्ड्स ऐकून ऐकून हात बसवला, शिकवायला फारसं कोणी नव्हतंच. रेडिओवर मधे वेळ उरला की सिनेमाच्या गाण्याची धून लावायचे ना, ती बऱ्याचदा हीच गिटार असायची.

तर काही वर्षांपूर्वी ठाण्यात जुन्या गाण्यांचा एक कार्यक्रम होता, मी रिदम गिटारला आणि काकांना मीच आग्रहाने बोलावलेलं. रिहर्सलला काका अर्धा तास आधी येऊन तारा जुळवून बसलेले. संयोजक म्हणाले, काका तुमचे पीस, म्हणजे गाण्यातले गिटारचे तुकडे, कीबोर्डवर घेऊ, स्टेजवर ट्यूनिंगला वेळ जातो आणि साउंडवाल्यालाही सोपं पडतं. कीबोर्डला माझाच जुना मित्र. तो म्हणाला, हवाईयनचा टोन आहे माझ्याकडे, स्वर वरखाली सरकवायचं पिच बेंडचं चाक फिरवलं की सेम टू सेम, ऑडियन्सला काय कळतंय. काका चिडले नाहीत. त्याला म्हणाले, दोन स्वर एकत्र धर, वरचा आहे तिथेच राहू दे, खालचा अर्धा सूर वर ने, पण पुन्हा आघात करायचा नाही. मित्राने चाक फिरवलं तर दोन्ही स्वर सोबत चढले, चढणारच, साध्या कीबोर्डवर ते चाक सगळ्यांना एकदम ओढतं. मग काकांनी तेच करून दाखवलं, बारचं टोक वरच्या तारेवर तसंच आणि मागचा भाग एक फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) पुढे, मेजरचा मायनर झाला आणि मधे कुठे तुटलं नाही. संयोजक म्हणाले वा वा, आणि तरीही पीस कीबोर्डलाच दिले. काकांच्या वाट्याला एक गाणं आलं. ते त्यांनी मन लावून वाजवलं, पण माझ्या डोक्यातून ती दुपार गेलेली नाही आणि मित्राशी माझा वाद अजून चालू आहे.

आता तुमचा मुद्दा, पेडलचा. पेडल दाबलं की ठरलेली तार ठरलेल्या स्वरापर्यंत ओढली जाते, ते यंत्र आधी लावून ठेवलेलं असतं. साध्या हवाईयन गिटारमध्ये, तिलाच स्टील म्हणतात, तेच काम डाव्या हाताने बार तिरका धरून करायचं, सरळ तिरका (टोक पुढे) आणि उलटा तिरका (मागचा भाग पुढे), आणि नेमकं कुठे थांबायचं ते कानाने ठरवायचं. बोटांनी दाबून वाजवायच्या नेहमीच्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडलं तरी स्वर बरोबर येतो, इथे बार फ्रेटच्या रेषेच्या बरोब्बर वर नसेल तर बेसूर. म्हणून हे वाद्य अवघड आणि म्हणूनच त्यात मींड गळ्यासारखी येते. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच गिटारवर अख्खे राग वाजवले, १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम ऐका, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या शेजारी गिटार कुठेही परकी वाटत नाही. विश्वमोहन भट्ट आणि देबाशिष भट्टाचार्य आज वाजवतात ते याच घरातलं, जास्तीच्या तारा लावून. पेडल नाही कोणाच्याच वाद्याला.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने पेडल दाबून स्वर चढवला, ते गाणं गाजलं आणि कंट्री संगीताचं शहर असलेल्या नॅशव्हिलचे सगळे स्टीलवाले पेडल बसवून घ्यायला धावले. त्यांच्यातल्याच जेरी बर्डने नाही बसवलं. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या रेकॉर्डवर वाजवलेला माणूस, काम कमी होत गेलं तरी पेडलला पाय लावला नाही, १९७२ मध्ये सरळ हवाईला जाऊन राहिला आणि तिथल्या मुलांना त्यांचंच वाद्य परत शिकवलं. त्याचा शिष्य अ‍ॅलन अकाका आज तिथे शाळा चालवतो. कोणी याला हट्ट म्हणेल, मी नाही म्हणणार. जोसेफ केकुकूने ओआहू बेटावर १८८९ च्या सुमारास हे वादन सुरू केलं असं मानतात, तेव्हापासून त्याच्यात काही उणं होतं म्हणून पेडल आलं असं नाहीये, वेगळं संगीत हवं होतं म्हणून आलं.

म्हातारपणी वाजवत राहण्याचं एक साधं कारणही आहे जे कोणी सांगत नाही. तारा दाबाव्या लागत नाहीत. बोटांना घट्टे नाहीत, बसून वाजवायचं, खांद्याला ओझं नाही. सांधे दुखणाऱ्या माणसालाही जमतं. फक्त उलटा तिरका बार तेवढा कठीण जातो, काका आता ती जागा आली की दोन स्वर सोबत न घेता एकामागून एक घेतात आणि तेही सुंदर लागतं.

तुमच्या शिकण्याबद्दल: चाळिशी काहीच नाही. जुनी अ‍ॅकॉस्टिक घ्या, नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) उंच करून घ्या, गुळगुळीत जड बार घ्या, सी सिक्स्थ ट्यूनिंगपासून (तारा जुळवायची एक पद्धत) सुरू करा आणि रोज तानपुरा लावून एकाच तारेवर सा ते सा. पहिले सहा महिने गाणं वाजवू नका. कीबोर्ड येत असेल तर थोडे दिवस त्याला हात लावू नका, त्याने स्वराच्या मधल्या जागा ऐकायची सवय मोडते. शिक्षक कोलकात्यात सहज मिळतात, आपल्याकडे शोधावे लागतील.

पेडल स्टील वाईट आहे असं कोणी समजू नका, पेडल स्टीलवाला बडी एमन्स ऐकून मी थक्क झालोय. आणि प्रत्येक स्वर वेगळा वाकवता येईल असे कीबोर्डही आता आलेत, मित्राने मुद्दाम लिंक पाठवली होती. मान्य. पण ठाण्यात त्याच्याकडे तो नव्हता आणि हातात वाद्य घेऊन बसलेला माणूस समोर होता, माझं म्हणणं तेव्हाही एवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे.