लाल गाडी घेतलीत? सुरुवातीला एवढं सांभाळा

लाल रंगाचा खरा शत्रू ऊन. वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उन्हाने कमजोर झाला की आधी बॉनेट आणि टप फिके पडतात. जमेल तिथे सावलीत लावा.

- कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. सोसायटीत रोज सकाळी नेमकं हेच चालतं, आणि मग उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. आधी पाणी मारून धूळ उतरवा; मग कार शॅम्पू, मायक्रोफायबर आणि दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायला.
- भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं.
- पक्ष्यांची घाण त्याच दिवशी भिजवून काढा.
- दर 2-3 महिन्यांनी वॅक्सचा पातळ थर, पत्रा गार असताना.

रबिंग कंपाउंडची (ओरखडे घासून काढायच्या पेस्टची) घाई नको. ते क्लिअर कोट घासूनच चमक आणतं, आणि घासलेला थर परत येत नाही.