शेजाऱ्याची मॅच आधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. युजीनचं ऑरेगन विद्यापीठ आणि आपलं कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन स्टेट यांची अमेरिकन फुटबॉलची मॅच २०२६ च्या वेळापत्रकात नाही म्हणून तू सह्या गोळा करायला निघालीस, आणि रूमवरच्या मुली म्हणाल्या, त्यात काय एवढं, युजीनला जाऊन बिग टेनचे, म्हणजे ऑरेगन आता ज्या गटात खेळतं त्याचे, बडे संघ बघ की. वर तू मला विचारतेस, ‘काका, आपण मुळात इथले कोण? आपल्याला कशाला हा अभिमान?’

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की आमच्या घरात त्या दिवशी दुसरा विषय नसायचा. शिकायला कॉर्व्हॅलिसला आलो तेव्हा इथला फुटबॉल मला ओ की ठो कळत नव्हता. पण युजीनचं नाव निघालं की माणसं कशी सरसावून बसतात, ते पहिल्याच हिवाळ्यात ओळखीचं वाटलं. पासष्ट किलोमीटरवरचं गाव, तीच नदी, तोच पाऊस, एकाच घरातला एक भाऊ तिकडे शिकलेला आणि एक इकडे. अशा गावात राहून, इथे कर भरून, मुलं वाढवून ‘आपण कोण’ असं विचारायचं नसतं. हा प्रश्न पुन्हा लिहू नकोस.

आता मॅचचं. शेजाऱ्याची मॅच आधी, बाकी वेळापत्रक नंतर. मी एवढंच धरून बसलोय आणि धरून बसणार.

युजीनवाले म्हणतात जागा नाही. हिशोब कर. हंगामात मॅच बारा. बिग टेनमध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्याच गटातल्या संघांशी, नऊ. उरल्या तीन. या तिनांत पाऊण-एक तासावरच्या शेजाऱ्याला एक शनिवार देता येत नाही, आणि गटातल्याच रटगर्सशी खेळायला मात्र संघ चार हजार किलोमीटर उडत न्यू जर्सीला जातो! जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक वेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत, तरी खेळतात. आयोवा आणि आयोवा स्टेटचं तेच. साउथ कॅरोलायना १९७१ मध्ये एसीसी ही कॉन्फरन्स सोडून गेलं, क्लेमसन तिथेच राहिलं, पण त्यापायी मॅच सुटली नाही. ज्यांना खेळायचं असतं ते खेळतात.

आणि आपली पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली म्हणून सगळं संपलं, हे मला सांगू नकोस. तिच्याआधीची, १९१५ ची पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९५९ मध्ये मोडली, तेव्हा नव्या मांडणीत ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट दोघांनाही बाहेर ठेवलं होतं. आत यायला १९६४ उजाडलं. त्या वर्षांतही हे दोघे एकमेकांशी खेळतच होते. १८९४ मध्ये सुरू झालेली ही मॅच १९४५ पासून एकही वर्ष चुकली नव्हती. कोविडच्या वर्षीसुद्धा झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये टीव्हीच्या पैशांपायी ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांनी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जायचं ठरवलं, शेवटी मागे आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट असे दोघेच उरलो. तो घाव मी समजू शकतो. पैसा सगळ्यांनाच लागतो. पण मॅच आधी नोव्हेंबरातून सप्टेंबरात ढकलली आणि आता यादीतूनच काढली, ते मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही.

तुझ्या मैत्रिणींना १९९८ ची मॅच सांग. आमचा तो सलग अठ्ठाविसावा तोट्याचा हंगाम होता, जिंकल्यापेक्षा हरल्या मॅच जास्त. नोव्हेंबरची थंडी. पहिल्या ओव्हरटाइममध्ये ऑरेगनचा चौथ्या डाउनचा, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाचा, पास खाली पडला, आम्ही जिंकलो समजून लोक मैदानात धावले, आणि गवतावर पंचांचा पिवळा रुमाल! पास अडवताना आमचा फाउल. हजारो माणसं हटवायची, पुन्हा रांगा लावायच्या, त्यात ऑरेगनने बरोबरी केली. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये केन सायमनटन चेंडू घेऊन गोलरेषेपार गेला, ४४-४१. हंगाम तरीही ५-६ असाच संपला. तोट्याच्या हंगामातली ती मॅच लोक अजून तोंडपाठ सांगतात, कारण समोर युजीन होतं. तिथे रटगर्स असतं तर कुणाला आठवली असती?

लोक मला हेकट म्हणतात. युजीनची फुकट तिकिटं आली तरी गेलो नाही, हरत असतानाही दर वर्षी सीझन तिकीट घेतलं, पैसे पाण्यात घातले म्हणे. घातले असतील. पण माणसाने कुठेतरी सलग बसावं लागतं, तेव्हाच बाजूच्या खुर्चीवरचा माणूस आपला होतो. ऑरेगनने २०२४ मध्ये बिग टेन जिंकली तेव्हा ‘आपल्या पश्चिमेचा मान’ म्हणून टाळ्या वाजव, असं मला सांगणारे भेटले. मी नाही वाजवल्या. मला कॉन्फरन्सचा मान नको, मला मॅच हवी. खंत एकच आहे: जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए ही लॉस अँजेलिसची विद्यापीठं पॅक-१२ मधून बिग टेनकडे निघाली तेव्हाच आम्ही जुन्या लोकांनी सह्या घेऊन उभं राहायला हवं होतं. आम्ही नुसते बोलत बसलो.

२०२६ पासून पॅक-१२ मध्ये बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट असे नवे संघ येतायत, त्यांचं स्वागत कर. त्यांच्याशी जीव लावून खेळू. पण ते शेजाऱ्याच्या जागी नाहीत, हे कुणी विसरायला लागलं तर तिथल्या तिथे सांग.

सह्यांचं नीट ऐक. कॉर्व्हॅलिसमध्ये कितीही सह्या झाल्या तरी उपयोग थोडा, इथे सगळेच ‘हो’ म्हणतील. युजीनला जा. मॅचच्या दिवशी तिथल्या ऑट्झन स्टेडियमबाहेर टेलगेट करणाऱ्या, म्हणजे गाड्यांमागे खाणंपिणं मांडून बसणाऱ्या, पिकल्या केसांच्या लोकांना विचार, त्यांच्यातले कितीतरी आपल्याएवढेच चिडलेले असतात. आपला केशरी टी-शर्ट घालूनच जा, लाजू नकोस. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एमची मॅच २०११ नंतर बंद पडली ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, कॅन्सस-मिझुरीची २०२५ मध्ये. कुणी हसलं तर ही दोन उदाहरणं दे. कागदावर पहिली सही माझी घे, आणि तिकडे जाताना मला घेऊन जा. ऑट्झनच्या दारापर्यंत येईन, आत येणार नाही.

तुझा,
काका