सवय लागते ती कोणत्या गोळीची?

"ताई, ह्या गोयासनी सवय लागी जाई का?" मनाच्या आजारावर औषध सुरू झालं की आपल्या खान्देशात घरातलं कोणी ना कोणी हे विचारतंच. अमळनेर तालुक्यातल्या पन्नाशीच्या एका मावशींच्या मुलानंही विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मावशींना डिप्रेशन होतं. कापूस वेचायला जाणं सुटलं, जेवण तुटलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मनोविकारतज्ज्ञांनी डिप्रेशनवरची एस्सिटॅलोप्राम रोज घ्यायला दिली होती आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम, तीही थोडेच दिवस. मुलानं दहाव्या दिवशी पहिली बंद केली, "फरकच पडेना" म्हणून. दुसरी दोन महिने जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून येत राहिली, कारण तिनं त्याच रात्री झोप लागायची.

म्हणजे सवयीच्या भीतीनं जी टाकून दिली ती नशेची नव्हती, आणि जिची सवय लागते ती उशाशी होती. हे मी फार घरांत पाहते आणि दर वेळी जीव हळहळतो.

मी त्या मुलाला कागदावर मेंदूतल्या दोन पेशी काढून दाखवल्या. एक पेशी सिरोटोनिन नावाचं रसायन सोडते, दुसरीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेवर, ते बसतं, उरलेलं पहिली पेशी परत ओढून घेते. एस्सिटॅलोप्राम हे परत ओढणं अडवते, आणि तेही काही तासांतच. मग गुण यायला आठवडे का लागतात? तर सोडणाऱ्या पेशीवर स्वतःचेही रिसेप्टर असतात. टाकीतल्या बॉलकॉकसारखे ते बाहेर सिरोटोनिन वाढलं की नवा पुरवठा कमी करतात. ते सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पुढचे बदलही सावकाश होतात. दहाव्या दिवशी निकाल लावणं म्हणूनच घाईचं.

क्लोनाझेपाम गाबा नावाच्या रसायनाच्या रिसेप्टरवर बसून गाबाचं काम वाढवते. पेशीत क्लोराइड जास्त शिरतं, ती शांत होते, लगेच. पण रोज घेत राहिलं की मेंदू त्या शांततेला सरावतो. गोळी एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटसुद्धा येते.

मुलगा म्हणाला, "मग आजच फेकतो." मी हात धरला. आधी डॉक्टर, मग हात लावायचा.

डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्राम पुन्हा सुरू केली, क्लोनाझेपाम टप्प्याटप्प्यानं उतरवली. मधल्या काही रात्री मावशींना जड गेल्या, मुलगा जागा राहिला. महिन्याभरानं त्या स्वतःहून भाकरी टाकायला बसल्या.

आता त्याचा प्रश्न होता, ही एस्सिटॅलोप्राम कधी बंद होणार? पहिलंच आजारपण असेल तर बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. हिची ओढ लागत नाही, पण एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होऊ शकतं, म्हणून तीही हळूहळूच उतरवायची. अडलं आणि डॉक्टर लांब असले, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही लागतो. तो मी त्याच कागदावर लिहून दिला.