इंटरनेटमुळे खानदेशातली रोजची बोली बदलली आहे का?

हो, पण 'इंग्रजी शब्द घुसले' एवढ्यावर विषय संपत नाही. 'स्टेटस ठेव', 'रिचार्ज मार' हे काय, सगळीकडेच झालं. आमच्याकडची खरी गंमत म्हणजे लोक अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली, लिहायला लागले. आम्ही शाळेत चुकून 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की वर्ग हसायचा. म्हणून घरात अहिराणी आणि कागदावर प्रमाण मराठी, असा रिवाज. आता आमचा धुळ्याचा भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा:

"कथा शेस रे भो?" (कुठे आहेस रे भाऊ?)
"वावरमा शे. लोकेशन धाडू का?" (शेतात आहे. लोकेशन पाठवू का?)

शब्द इंग्रजी, पण क्रियापद आपलंच. 'डाऊनलोड होई राह्यनं' (डाऊनलोड होतंय) हे तर आमची आजीही म्हणते! लिहिताना मात्र पंचाईत. कोणी 'राह्यना' लिहितो, कोणी 'ऱ्हायना'. 'शे' टाइप केलं की माझा कीबोर्ड 'शेत' सुचवतो. (शेतकऱ्याच्या पोराला चालून जातं म्हणा.)

सुरत-पुण्याला गेलेली पोरं यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांखाली अहिराणीतच कमेंट टाकतात, हे मला फार आवडतं. पण आंडोर, आंडेर हे मुला-मुलीसाठीचे शब्द आमच्या ग्रुपवर दिसत नाहीत. तिथे वाढदिवसाला सगळेच 'बेटा' असतात.