पहिलीची फी बारावीपर्यंत मोजून बघा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सिनिअर केजीत आहे. आता तिला साध्या सीबीएसई शाळेत ठेवायचं, म्हणजे वर्षाला १ लाख १० हजार, की घराजवळच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळेत घालायचं, म्हणजे साडेचार लाख, हा तुमचा प्रश्न. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना पावणेदोन लाख, घराचा हप्ता ५४ हजार. फरक भरून काढायला मुलीच्या उच्चशिक्षणासाठी चालू असलेली महिना २८ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) थांबवावी, असं तुम्हा दोघांचं जवळजवळ ठरलंय. शाळेला ६० हजार प्रवेश शुल्क या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हवंय आणि ते परत मिळणार नाही. नणंदेची मुलगी तिथेच शिकते, ‘पुढे परदेशात सोपं जातं’ असं त्या म्हणतात.

आधी या ‘सोपं जातं’बद्दल बोलू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली विद्यापीठं सीबीएसईची बारावी मान्य करतात. दरवर्षी आपल्याकडून जी मुलं तिकडे जातात, त्यांतली कितीतरी सीबीएसईची आणि आपल्या राज्य मंडळाची असतात. आयबीचा खरा फायदा वेगळा आहे. अकरावी-बारावीच्या डिप्लोमात सहा विषय, त्यातले सहसा तीन वरच्या पातळीचे, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतःचा संशोधन निबंध. हे ज्यानं मनापासून केलं, त्याला परदेशातलं पहिलं वर्ष जड जात नाही. वरच्या पातळीवर चांगले गुण असतील तर अमेरिकेतली काही विद्यापीठं त्याचे क्रेडिटही देतात, म्हणजे ते पदवीच्या अभ्यासात धरले जातात. पण ही सगळी कमाई शेवटच्या दोन वर्षांची आहे. पहिली-दुसरीत भरलेल्या फीचा तिच्याशी फारच थोडा संबंध.

उलट बाजूचा गैरसमजही काढून टाका. ‘आयबी केलं की भारतातले दरवाजे बंद’ हे खरं नाही. भारतीय विश्वविद्यालय संघ आयबी डिप्लोमा बारावीच्या तोडीचा मानतो. केंब्रिज या ब्रिटिश मंडळाच्या ए लेव्हललाही (त्यांची अकरावी-बारावी) अशी समकक्षता मिळते, फक्त विषयांच्या अटी पाळाव्या लागतात. योग्य विषय घेतले तर वैद्यकीयसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी जेईई देता येते. अडचण अभ्यासक्रमाची आहे. राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर बेतलेली, नीट-जेईईची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. आयबीचं मूल हे सगळं वेगळ्या क्लासला जाऊन करतं, म्हणजे खर्च दुहेरी. त्यात मे महिन्यातल्या आयबी परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला येतो, तोवर इकडच्या प्रवेशांची घाई सुरू झालेली असते. मुलगी डॉक्टर व्हावी असं सासूबाईंना वाटतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीनं ती जाता जाता लिहायची गोष्ट नाही.

आता आकडे. शाळेनं तुम्हाला पहिलीची फी सांगितली. फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढते असं धरलं तर बारावीत ती १२ लाख ८४ हजार होते, म्हणजे महिन्याला लाखाच्या वर. बारा वर्षांची बेरीज साधारण ९६ लाख. सीबीएसईची त्याच हिशेबानं साडेतेवीस लाख. तुमचे पगार वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढतात असं तुम्हीच लिहिलंय. आज आयबीची फी तुमच्या पगाराचा पाचवा हिस्सा आहे, बारावीत ती जवळजवळ तिसरा हिस्सा होईल. आणि हा हिशेबही सौम्य आहे, कारण वरच्या वर्गांत, विशेषतः डिप्लोमाला, बऱ्याच शाळांची फी एकदम उडी मारते. बस, लॅपटॉप, सहली, परीक्षेचं शुल्क, तासावर पैसे घेणारी शिकवणी हे यात धरलेलंच नाही. ‘तिथे शिकवणी लागत नाही’ असं सांगणारे पालक मला फक्त प्राथमिकच्या वर्गांतले भेटलेत.

कर वाचेल अशीही आशा तुम्हाला आहे. जुन्या करप्रणालीत शाळेच्या शिक्षण शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकाच मर्यादेत बसते, आणि ती मर्यादा तुमचा पीएफ आणि गृहकर्जाचं मुद्दल आधीच भरून टाकतात. नव्या प्रणालीत ती वजावट नाहीच. शाळेच्या फीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावरही सवलत नाही. ती बारावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या कर्जाला आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मध्येच थांबावं लागण्याची. काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अशाच शाळेच्या सात वर्षांच्या फीच्या पावत्या क्रमानं लावलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मागच्या वर्षीपेक्षा किती वाढ ते लिहिलेलं. वडिलांची नोकरी गेली होती. मुलाला आठवीत राज्य मंडळाच्या शाळेत आणलं. हुशार मुलगा, प्रकल्प उत्तम करायचा. पण ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ आणि मराठीचं व्याकरण त्याला दोन वर्षं पुरलं. आई म्हणाली, ‘पैसे गेल्याचं दुःख नाही हो, तो वर्गात बोलायचाच बंद झाला.’ हे वाक्य मी विसरलेलो नाही. खालून वर जाणं मुलाला झेपतं, पैशांपायी असं मध्येच उतरणं फार जड जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: आत्ता सीबीएसई. २८ हजारांची एसआयपी अजिबात थांबवू नका. परदेशी शिक्षणासाठी साठवायचे पैसे पहिलीच्या फीत घालायचे आणि मग परदेशासाठी कर्ज काढायचं, यात मला तुमच्या मुलीचं हित दिसत नाही. तीच एसआयपी एक रुपयाही न वाढवता चालू ठेवली आणि सरासरी ८ टक्के परतावा मिळाला, तर आठवी संपेपर्यंत साधारण ३७ लाख जमतात. हमी नाही, पण बाजाराच्या दृष्टीनं हा फार मोठा आकडा मी धरलेला नाही. नववीपासून चार वर्षं आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला घालायचं म्हटलं तर वाढलेल्या फीनंही दोन शाळांमधला फरक जवळपास ३४ लाखांचा येतो. म्हणजे तेव्हा हा निर्णय हातात पैसे असताना घेता येईल. केंब्रिजचा आयजीसीएसई साधारण नववी-दहावीचा, आयबी डिप्लोमा अकरावी-बारावीचा, सीबीएसईतून दोन्हीकडे मुलं जातात. पगारवाढीतले दोन-तीन हजार दरवर्षी एसआयपीत घातलेत तर पदवीसाठीही काही उरेल. तोवर मुलीचा कल कळलेला असेल. आज ती सहा वर्षांची आहे.

तुमचा पगार तीन लाखांच्या पुढे असता, हप्ता फिटत आला असता, तर मी वेगळं लिहिलं असतं. ती शाळा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वर्गात २२ मुलं आणि मोकळं मैदान बघून तुमचा जीव तिथे अडकला, हे मला कळतं.

तरीही मन होत नसेल तर १५ तारखेच्या आत शाळेकडून दोन गोष्टी लेखी मागा: पहिली ते बारावी प्रत्येक वर्गाची यंदाची फी, आणि गेल्या पाच वर्षांत ती किती वाढली. शाळेला आयबीची मान्यता नेमक्या कोणत्या टप्प्यापर्यंत आहे तेही विचारा. प्राथमिकला असते आणि डिप्लोमाला नसते, असंही होतं. नुसतं नावात ‘इंटरनॅशनल’ असून आत सीबीएसई चालवणाऱ्या शाळा तर तुम्हाला गल्लोगल्ली दिसतील. हे कागद हातात आल्याशिवाय ते ६० हजार भरू नका. मिळाले की मला पाठवा, तुमचे आकडे घालून हिशेब पुन्हा करून देतो.